ओंजळीची पद्धत

समतेवर मी आयुष्यात बरीच भाषणं केली. शाळेत केली, पंधरा ऑगस्टला केली, एकदा तर नवरदेवाला ताटकळत ठेवून लग्नाच्या मांडवातही केली. त्यांतलं एकही आता मला आठवत नाही. आठवतो तो एक पितळी गडवा, म्हणजे तांब्या, आणि तो धरून उभे असलेले एक म्हातारे विणकर. म्हणून हे लिहायला बसलो. नाहीतर स्वतःची फजिती कोण हौसेने वहीत उतरवून ठेवतो?

आमचा चांदा जिल्हा, म्हणजे आताचा चंद्रपूर, तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. राज्यघटना लागू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. चिमूरच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका गावात मी मास्तर म्हणून लागलो. वय बावीस. पोरगेलेपणा दिसू नये म्हणून मिशी वाढवली होती आणि तिच्यावर माझा फार जीव होता. शाळा एका खोलीची. रुजू झालो त्याच आठवड्यात तिच्या भिंतीवर मी गेरूने मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं, ‘सर्व माणसे समान आहेत.’ गावकरी येऊन वाचून गेले. कुणी हरकत घेतली नाही. ‘अक्षर चांगलं हाये मास्तरचं,’ एवढंच म्हणाले.

थोड्याच दिवसांत गावाला पंचायत मिळाली. फाउंटन पेन गावात माझ्या एकट्याच्याच खिशाला होतं, म्हणून सचिवही मीच झालो. पंच पाच. सरपंच गावचे मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार. मालगुजारी सरकारने काढून घेतली होती, पण गाव त्यांना अजून ‘मालक’च म्हणत होतं आणि तेही ओ देत होते. चिमूरला बेचाळीस साली इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला तो त्यांनी आपल्या ओसरीवर बसून ऐकला होता, पण पुन्हापुन्हा सांगून आपणही त्यात होतो असं त्यांना प्रामाणिकपणे वाटू लागलं होतं. दुसरे-तिसरे पंच दोन शेतकरी, एकमेकांचे साडू, कायम मालकांच्या मताचे. चौथे जंगलाकडच्या टोल्यावरचे, म्हणजे पाड्यावरचे, गोंड पाटील. ते खांद्याला वाळक्या भोपळ्याचा, पाण्याचा तुंबा अडकवून येत आणि सहसा बोलत नसत. आणि पाचवे हे विणकर. नव्या कायद्याने महारांच्या वस्तीसाठी एक जागा ठेवली होती, तिच्यावर ते आले होते.

आमच्या भागात महार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या माग चालवत. गावातलं धोतर, लुगडं, पंचा, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी विणलेलं कापड अंगाला चालायचं. मालकांच्या डोक्यावरची टोपीसुद्धा त्याच कापडाची. विटाळ सुरू व्हायचा तो पाण्यापाशी. शाळेच्या रांजणाच्या तोंडाला पाणी गाळण्यासाठी बांधलेलं फडकंही त्याच वस्तीतून आलं होतं. म्हणजे पाणी त्यांच्या कापडातून चालत होतं, फक्त हातून चालत नव्हतं. मी रोज ते फडकं बघत होतो आणि माझ्या डोक्यात एवढी साधी गोष्ट आली नाही.

पंचायत दर पंधरवड्याला रविवारी दुपारी शाळेत भरायची. बसण्याचा प्रश्न सोपा गेला. सतरंजी एकच होती. ती मालकांनी, ‘उंदरांनी कुरतडली हाये,’ असं सांगून घरी नेली आणि सगळे सारवलेल्या भुईवर बसले. भुई विटाळत नसावी. पाण्याचा प्रश्न मात्र पहिल्याच बैठकीत आडवा आला. विणकर घरून स्वतःचा गडवा घेऊन आले होते, वर फुलपात्र उपडं घातलेलं. मालकांना ते फार लागलं.

‘असं नाई चालत,’ ते म्हणाले. ‘पंचायतीचं पानी साऱ्यांचं हाये.’

‘बरं जी,’ म्हणत विणकरांनी गडवा बाजूला सारला.

मग कुणालाच तहान लागेना. वैशाख होता. आमच्याकडच्या वैशाखात कौलावर बसलेला कावळा चोच वासून असतो. तशा दुपारी पाच विषय आम्ही अर्ध्या तासात उरकले आणि रांजणाकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांचे पाढे घेता घेता मला युक्ती सुचली. पंचायतीत रांजणावरच्या गडव्याला कुणीच हात लावायचा नाही. सगळ्यांनी ओळीने बसायचं, ओंजळ पुढे करायची, आणि सचिवाने वरून पाणी सोडायचं. मालगुजार असो की विणकर, प्यायची रीत एकच. मी ब्राह्मणाचा पोरगा, माझ्या हातचं सगळ्यांना चालत होतं. माझी जात पाण्याच्या फार सोयीची होती. ठराव एकमताने मंजूर झाला. मी नागपूरला मामांना पत्र लिहिलं की, मी इथे मालगुजारापासून विणकरापर्यंत सर्वांना स्वतःच्या हाताने पाणी पाजतो. मामांनी ते शेजाऱ्यांना वाचून दाखवलं म्हणे. गडव्याला हात न लावण्याचा अधिकार मी पाचही जणांना सारखा वाटून दिला होता आणि मला वाटत होतं, मी समता आणली.

कार्तिकात विकास खात्याचे साहेब जीपने आले. शाळेत पाऊल टाकतात तो समोर पाच जण ओंजळी पसरून बसलेले, त्यांत मालगुजारही, आणि मी गडवा घेऊन उभा. साहेब दारातच थांबले.

‘अशी समता मी नागपुरातसुद्धा पाहिली नाही,’ ते म्हणाले.

त्यांनी दहा गावांत आमचं कौतुक केलं. शेजारच्या गावांचे सचिव सायकली मारत ओंजळीची पद्धत शिकायला आले. मी त्यांना गडवा किती उंच धरायचा ते करून दाखवलं. मालकांनीही एक युक्ती शोधली होती. एरवी ते विणकरांना ‘तू’ म्हणत. वाटेवर जीपची धूळ दिसली की ‘तुमी’ म्हणत. धूळ बसली की पुन्हा ‘तू’.

मी विणकरांना भाऊ म्हणत असे. वयाने ते माझ्या वडिलांएवढे. बोलायचे कमी, पण बोलले की पायात काटा रुतावा तसं नेमकं बोलायचे. साहेब येऊन गेल्यावरच्या बैठकीत सगळ्यांचं पिऊन झालं, तेव्हा त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि मला विचारलं,

‘मास्तर, तुमी एकटेच काऊन पानी देता?’

‘सेवा आहे भाऊ,’ मी म्हणालो.

‘मंग सेवेची बारी लावा. पंच पाच हायेत. एका बैठकीले एकानं पानी द्यावं. तुमालेबी कधी ओंजळीनं पेऊन पाहाले भेटन.’

साडूंनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी भिंतीवरच्या माझ्या अक्षरांकडे पाहिलं. दहा गावांत नाव झाल्यावर नाही कसं म्हणणार?

‘हो हो, काऊन नाई,’ मालक म्हणाले. ‘समता हाये.’

एकमताने मंजूर झालेला इतका सुतकी ठराव मी पुन्हा कधी लिहिला नाही. बारीची यादी मीच केली. मालक, थोरले साडू, धाकटे साडू, गोंड पाटील आणि शेवटी विणकर. हा क्रम मला कुणी सांगितला नव्हता. पेनातून तो आपोआप उतरला.

मालकांच्या बारीला आम्ही सगळे भिजलो. जन्मात त्यांनी कुणाला पाणी दिलं नव्हतं, त्यामुळे धार ओंजळीत कमी आणि सदऱ्यांवर जास्त. साडूंनी निमूटपणे दिलं. गोंड पाटलांच्या बारीला साडूंनी घोटभरच घेतलं, पण घेतलं. पाचव्या बैठकीच्या आदल्या दिवशी मालक शाळेत आले. पोरांसमोर माझी विचारपूस केली, मग म्हणाले,

‘बैठकीले कायद्यानं किती मानसं लागते?’

‘तीन पंच तरी हवेत.’

‘अन दोनच आले तं?’

‘मग कोरम होत नाही. बैठक रद्द.’

‘काय म्हनलं? को...’

‘कोरम.’

त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला आणि खुशीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मालकांना ताप आला. साडूंना सासुरवाडीचं बोलावणं आलं. दोघांची सासुरवाडी एकच, त्यामुळे सोयीचं झालं. विणकर धुतलेला सदरा घालून रांजणापाशी बसले होते आणि गोंड पाटील उंबऱ्यात. कोरम झाला नाही.

पुढच्या बैठकीत प्रश्न निघाला, आता बारी कुणाची? सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी सांगितलं की, बैठक रद्द झाली म्हणजे तिच्याबरोबर बारीही गेली, यादी पुन्हा वरून सुरू. असं कायद्यात कुठे लिहिलं होतं? कुठेच नाही. पण मी ते इतक्या ठसक्यात सांगितलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. पंचायत मोडू नये म्हणून हे करतोय, असं मी मनाला बजावलं. मन काय, ऐकतं.

‘मंजे बारी आली होती, पन बैठक नाई आली,’ विणकर म्हणाले.

‘तसंच म्हणा भाऊ.’

‘बरं जी.’

यादी दुसऱ्यांदा फिरली. पुन्हा मालक, पुन्हा साडू, पुन्हा गोंड पाटील. चौथी बैठक झाली आणि साहेबांचं पत्र आलं. नागपूरचे मोठे साहेब आपल्या पंचायतीची पाण्याची पद्धत पाहायला येत आहेत, येत्या रविवारची ठरलेली बैठक भरवा, पाचही पंच हजर हवेत. मालक पत्र वाचून तडक शाळेत आले. यादी त्यांनी बोटांवर दोनदा मोजली. दोन्ही वेळा उत्तर पाचच आलं, म्हणजे विणकर.

‘मधात एक बैठक घेऊन टाकू,’ ते म्हणाले.

‘नोटीस सात दिवसांची लागते, मालक. दिवस चारच आहेत.’

कायदा आपल्यावरही उलटतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते कायद्याला इतकं वाईटसाईट बोलले की मी पोरांना बाहेर खेळायला पाठवलं.

रविवारी विणकर सगळ्यांच्या आधी आले. धोतर निळीतून काढलेलं. हातात फडक्याची घडी, नुकतीच मागावरून उतरवलेली, तांबड्या काठाची.

‘रांजनाचं फडकं जुनं झालं जी. हे बांधू का?’

‘बांधा ना भाऊ.’

पाणी भरणारी ढिवरीण, म्हणजे कोळीण, रांजण भरून गेली होती. त्यांनी जुनं फडकं सोडलं, नवं ताणून बांधलं, गडवा राखेने लख्ख घासला. मग माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले,

‘मास्तर, सारे पेतीन का नाई, मले मालूम नाई. तुमी पेलात तं बस.’

‘मीच पहिला पिणार भाऊ,’ मी म्हणालो.

ते हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

साहेब येणार होते बाराला. साहेबांसाठी मालकांनी बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून दोन खुर्च्या आणल्या होत्या. समता भुईवर बसणाऱ्यांसाठी होती. बंडी शाळेमागे मोहाच्या झाडाखाली सोडली होती. तिथेच बैल, बंडीवाला आणि सावलीत ठेवलेलं पाण्याचं मडकं. बारा वाजून गेले. एक वाजला. आम्ही ओळीने बसलेलो, आणि विणकर भरला गडवा घेऊन उभे.

‘बसा भाऊ,’ मी म्हणालो.

‘बारी हाये जी माझी,’ ते म्हणाले आणि उभेच राहिले.

बाहेर ऊन नुसतं रटरटत होतं. घसा कोरडा पडून जीभ टाळूला चिकटत होती. मी ओंजळ पुढे करणार तेवढ्यात मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

‘साहेब येऊ द्या मास्तर. त्याईच्या आंधी पेनं बरं नाई दिसत.’

‘हो, ते खरं,’ मी म्हणालो आणि हात मागे घेतला.

थोड्या वेळाने थोरले साडू उठले. ‘बैल पाहून येतो,’ म्हणाले आणि मागे गेले. आले तेव्हा चेहरा टवटवीत. मग धाकट्या साडूंना बैलांची काळजी वाटू लागली. मग मालक स्वतः उठले, बैल त्यांचेच होते. पुन्हा थोरले साडू. त्या जोडीची इतकी विचारपूस पोळ्यालाही झाली नसेल. गोंड पाटील आपल्या तुंब्यातून सरळ सगळ्यांदेखत पीत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

‘बैलाले का झालं?’ त्यांनी विचारलं. ‘बिमार हायेत का?’

विणकर गडवा या हातातून त्या हातात घेत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. उठावं, ओंजळ धरावी, संपलं. तीन पावलांचं अंतर. मालक काय करणार होते? फार तर रुसले असते. पण मला काहीतरी अडवत होतं आणि ती मालकांची भीती नव्हती. आईने लहानपणापासून काय शिवायचं आणि काय नाही ते ज्या मायेने शिकवलं होतं, ते होतं ते. भिंतीवर लिहिताना ते मध्ये आलं नव्हतं. गडवा समोर आला आणि ते वर आलं. याची मला जितकी शरम वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

‘मी जरा बैल...’ म्हणत मी उठलो.

बंडीवाल्याने मला काही विचारलंसुद्धा नाही. मला बघताच त्याने मडकं उचललं. मी ओंजळ धरली आणि गटागटा प्यालो. तेवढ्यात गावाबाहेर जीपचा भोंगा वाजला. मी पळत येऊन माझ्या जागी बसलो.

साहेब खुर्च्यांवर टेकले. मोठे साहेब उन्हाने लाल झाले होते. विणकर पुढे झाले. मोठ्या साहेबांनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि घटाघटा प्यायले. मग ओळ सुरू झाली. मालकांनी साहेबांवर डोळे रोखून ओंजळ पुढे केली. ‘तुमी द्या जी, तुमची बारी,’ असंही मोठ्याने म्हणाले, आणि प्यायले. साडू प्यायले. गोंड पाटलांनी तुंबा बाजूला ठेवला आणि तेही प्यायले. शेवटी विणकर माझ्यासमोर आले. मी ओंजळ धरली. पाणी आलं नाही. मी मान वर केली.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘मिशी पुसा मास्तर,’ ते म्हणाले. साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

आणि पुढे जाऊन त्यांनी गडवा रांजणावर ठेवून दिला. मी बाहीने मिशी पुसली. साहेबांना वाटलं, माझं पिऊन झालं. मोठ्या साहेबांनी भाषण केलं, भिंतीवरचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि गावोगाव असे शिक्षक हवेत असं म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विणकरांनीही वाजवल्या.

बाकीच्यांना त्यांनी पाणी दिलं, मला दिलं नाही. याचा अर्थ लावायला मला फार वेळ लागला नाही. त्या चौघांनी त्यांना शब्द दिलेला नव्हता.

पुढच्या बैठकीला ते पहिल्या दिवसासारखे घरचा गडवा घेऊन आले, वर फुलपात्र. या वेळी मालक काही बोलले नाहीत. बारी कुणाची हे कुणी विचारलं नाही आणि यादी मी वहीतून फाडून टाकली. त्याच्या पुढच्या खेपेला साडूही गडवे घेऊन आले, मग मालकांचा गडवा आला, चांदीच्या काठाचा. गोंड पाटलांचा तुंबा होताच. पाच जणांची पाच भांडी. पंचायत इतकी गुण्यागोविंदाने कधीच चालली नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडावर एका बैठकीनंतर सगळे गेले. विणकर पंचा खांद्यावर टाकून निघत होते. मी किती दिवस मनात ठेवलेलं बोललो.

‘भाऊ, घोटभर पाणी द्या.’

त्यांनी दारातून वाटेकडे पाहिलं.

‘आज साहेब नाई येत जी.’

‘माहीत आहे.’

त्यांनी खांद्यावरचा पंचा खाली ठेवला. मग फुलपात्र काढलं आणि गडवा माझ्यापुढे केला. हातात घ्यायला केला, घरच्या माणसापुढे करतात तसा. मी ते बघितलं तेव्हा उशीर झाला होता. माझे हात आपणहून जुळले होते आणि ओंजळ तोंडापाशी गेली होती. मी हात सोडवणार, तोवर त्यांनी ती ओंजळ पाहिली होती. त्यांनी पुढे केलेला गडवा मागे घेतला, वर उचलला आणि पाणी सोडलं, एक थेंब सांडू न देता, मी सगळ्यांना शिकवलं होतं अगदी तसं.